कोमट बॉनेट

गाडी पाहायला गेलो त्या सकाळी मी तिच्या बॉनेटवर सहज हात टेकवला होता. डिसेंबरचे दिवस होते, साडेआठ वाजले होते, गाडी भिंतीच्या सावलीत उभी होती; तरीही पत्रा कोमट लागला. ती ऊब हाताला जाणवली, परंतु तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. कळला तेव्हा गाडीची किंमत देऊन झाली होती, आणि जे कळले ते केवळ गाडीपुरते राहिले नव्हते.

ही गोष्ट 2011 सालची. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. त्या वर्षी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी साताऱ्याला नेणे सुरू झाले. आमचे गाव खटाव तालुक्यात, पुसेगावच्या पुढे. सकाळी एस.टी.ने जाणे एक वेळ जमत असे. परंतु चार तास यंत्राला जोडून राहिलेल्या, रक्तदाब उतरलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला परतताना स्थानकाच्या बाकावर तासभर बसवून ठेवायचे आणि मग गर्दीच्या गाडीत चढवायचे, हे दर वेळी जिवावर येई. भाड्याची जीप करावी तर माझ्या पगाराचा मोठा हिस्सा तिच्यातच जाई. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नवी गाडी आवाक्याबाहेरची होती. म्हणून जुनी गाडी शोधू लागलो.

गाडी साताऱ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची होती. गाडीची कंपनी कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. पुढे जे दोष निघाले ते तिच्या घडणीचे नव्हते, वयाचे आणि हेळसांडीचे होते. 1999 साली नोंदवलेली, तीन सिलिंडरांची, पांढऱ्या रंगाची छोटी गाडी. नोंदणीपुस्तकात मालकाचा क्रमांक तिसरा. काटा 61,000 किलोमीटर दाखवत होता. माझ्यासोबत आमच्या शाळेतले एक सहकारी होते. त्यांना गाड्यांतले कळते असा शाळेत समज होता आणि तो त्यांनी स्वतःही कधी खोडून काढला नव्हता. त्यांनी चारही टायरांना बुटाच्या टोकाने हलकेच ठोकरून पाहिले आणि गंभीरपणे मान हलवली. मी आसनांची कव्हरे पाहिली, दारे उघडून मिटून पाहिली, टेप वाजवून पाहिला. गृहस्थांनी किल्ली दिली. इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झाले. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन आलो. गाडी सरळ चालली, सरळ थांबली.

चहा आला. मी विचारले, “गाडीत काही काम तर निघणार नाही ना?”

“सर, गाडी तुमच्यासमोर आहे,” ते म्हणाले. “हवी तेवढी चालवून बघा.”

“नाही, वडिलांच्या आजारपणासाठी घेतोय. म्हणजे दोष काही नाही, असं मी धरून चालतो.”

ते काही बोलले नाहीत. हसले आणि माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. ते हसू मला होकारासारखे वाटले. 65,000 सांगितले होते, 58,000 वर व्यवहार ठरला. 40,000 पतसंस्थेचे कर्ज आणि उरलेले 18,000 पत्नीने मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले. हस्तांतराच्या 29 आणि 30 क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. कागदपत्रांत कोठेही खोट नव्हती.

गाडी दारात आली तेव्हा आण्णा काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारून आले. आयुष्यभर बैल राखलेला माणूस. त्यांनी ना आसने पाहिली ना टेप. “का इकली म्हनं त्यानं?” एवढेच विचारले.

“मोठी गाडी घेतली त्यांनी.”

“आसंल,” ते म्हणाले. “पर चालता बैल कुनी सहज इकत न्हाई.”

आमच्या भागात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. लहानपणी आण्णांचे बोट धरून मी तो पाहिला आहे. गुराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. म्हणून खालचा ओठ ओढून दात मोजायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशा पायऱ्यांनी वय सांगायचे. वय झालेल्या बैलाच्या शिंगांवर वळी दिसतात. काही व्यापारी शिंगे घासून गुळगुळीत करतात आणि वर हिंगूळ लावतात. सौदा उपरण्याखाली बोटे धरून होतो, म्हणजे किंमत फक्त दोघांना कळते. “उभा बैल कुनीबी बघंल,” आण्णा सांगत, “चालता बघावा, आन् जुंपल्यावर बघावा.” हे सारे मला पाठ होते. तरीही मी गाडी उभी असतानाच पाहिली होती. दोन किलोमीटरचा सपाट रस्ता म्हणजे काही जुंपणे नव्हे.

पहिले दोष किरकोळ वेशात आले. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन दोन-तीनदा कण्हून मग धरू लागे, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येई. थंडीचे दिवस आहेत, वाफ असेल, अशी मी समजूत घातली. रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले. कोठे तरी थेंब गळत असेल, म्हणून मागे पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवू लागलो. चढावर इंजिनाचा आवाज वाढे, पण वेग वाढत नसे. माणसाला ज्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा असतो, तिच्या बाजूने तो किती कारणे शोधू शकतो, हे त्या महिन्यात मी स्वतःपुरते पाहिले. मुलीचे 18,000 त्या पत्र्यात गेले होते. ते चुकीच्या जागी गेले, असे मान्य करण्यापेक्षा पाणी भरत राहणे सोपे होते.

जानेवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी आम्ही डायलिसिस करून परतत होतो. कोरेगाव मागे पडले आणि वर्धनगडाचा घाट लागला. हा घाट तसा मोठा नाही. परंतु कोरेगावकडून येताना चढ सलग आहे. अर्ध्यावर गाडीचा दम तुटला. काटा लाल रेघेच्या पुढे गेलेला, बॉनेटच्या फटींतून वाफ. कशीबशी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला आणि बॉनेट उघडले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नसते, आतले उकळते पाणी तोंडावर उडते, एवढे मला माहीत होते. वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आण्णा पुढच्या आसनावर डोळे मिटून बसले होते. अर्ध्या तासाने मी चिंधी धरून झाकण फिरवले आणि कॅनमधले पाणी थोडे थोडे ओतू लागलो. पाणी आत जाई आणि बुडबुड्यांसह वर येई. पाच लिटर संपत आले. आण्णा डोळे उघडून पाहत होते. त्यांना दिवसाकाठी लिटरभरच पाणी प्यायची परवानगी होती. दुपारनंतर ते ओठ नुसते ओले करून घेत.

“लई पितीया रं ही,” ते म्हणाले.

मला काय बोलावे ते सुचेना. मी त्यांच्या बाजूला दार उघडून रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. “फसलो, आण्णा,” मी म्हणालो. तो शब्द प्रथमच तोंडातून बाहेर पडला.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितले, ते मी त्यांच्या तोंडून आधी कधीही ऐकले नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ. वैरण संपलेली, विहिरीला तळ लागलेला. आमच्या दोन बैलांपैकी एकाचा पुढचा उजवा पाय थंडीत आखडायचा. सकाळी तो तासभर लंगडत चालायचा, मग अंग तापले की मोकळा व्हायचा. आण्णांनी तो विकायला काढला. “फाटंचं उठून त्येला दोन मैल चालवला,” ते सांगत होते. “पाय मोकळा केला आन् मग बाजारात उभा केला. कराडाकडचा मानूस हुता. त्यानं दात बघितलं, खांदा बघितला, चालवून बघितला. बैल झ्याक चालला. त्यानं पायाचं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. त्या पैशावर घरात जुंधळं आलं.”

“मग?”

“मग काय? फुडल्या साली त्यो मानूस पुसेगावच्या बाजारात दिसला. म्या वाट बदलली. दर साली बाजारात गेलो की आदी त्यो हाय का बघायचो, मग फुडं जायचो. लई वर्सं.” थोडे थांबून ते म्हणाले, “त्या बैलाचं त्यानं काय केलं आसंल, ह्ये अजूनबी मनात येतं.”

मी रागावायला हवे होते की त्यांची समजूत घालायला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या जोंधळ्याच्या भाकरीवर माझे बालपण गेले होते. गाडी थंड झाली. एका ट्रकवाल्याने त्याच्याकडचे पाणी दिले आणि पहिल्या गिअरवर रांगत आम्ही घाट चढलो.

दुसऱ्या दिवशी गाडी पुसेगावच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी काही उघडलेच नाही. नुसते वाचत गेले. इंजिनात तेल भरण्याचे झाकण काढून मला दाखवले. आतल्या बाजूला पांढरट, चहाच्या सायीसारखा फेस जमला होता. “सर, हे तेलात पाणी गेलंय. हेड गॅस्केट गेलंय.” इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचे झाकण म्हणजे हेड, त्या दोहोंमध्ये ही पातळ चकती असते. इंधनाच्या स्फोटाची आग, फिरते तेल आणि थंड करणारे पाणी, या तिघांना ती एकमेकांपासून वेगळे ठेवते. ती एका ठिकाणी जळाली की तिघांची सरमिसळ सुरू होते. रात्रभरात थोडे पाणी सिलिंडरमध्ये झिरपते; म्हणून सकाळी गाडी नीट धरत नाही आणि पहिली काही मिनिटे पांढरा धूर ओकते. इंजिन एकदा तापले की ही लक्षणे बरीचशी दबतात.

“तुम्ही बघायला गेला तेव्हा गाडी आधी चालू करून ठेवली होती का?” त्यांनी विचारले.

माझ्या तळहाताला डिसेंबरातली ती ऊब आठवली.

पुढे एकेक गोष्ट उलगडत गेली. इंजिनातले पाणी योग्य तापमानाला येईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह कोणीतरी काढून टाकला होता. गाडी तापते, यावरचा तो स्वस्त उतारा. तेल नेहमीपेक्षा घट्ट भरले होते. त्याने झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट काही काळ झाकतो. क्लच प्लेट घसरत होती. टायर काळ्या पॉलिशने चमकत होते, परंतु त्यांच्या कडेवर घडणीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेले असते. मिस्त्रींनी बोट ठेवले: 2304. म्हणजे 2004 सालातला तेविसावा आठवडा. रबराचा कस गेला होता. ब्रेकच्या पेडलवरचे रबर नवे कोरे होते, तर स्टिअरिंगची कड तळहातांनी गुळगुळीत झालेली होती. काट्यावरच्या 61,000 शी या दोहोंपैकी एकही गोष्ट जुळत नव्हती. शेवटी त्यांनी जुन्या स्पीकरमधला एक लोहचुंबक आणला आणि डाव्या दाराच्या खालच्या भागाला लावला. चुंबक चिकटला नाही, घसरून खाली पडला. रंगाखाली पत्रा नव्हताच. तिथे लांबी भरलेली होती. शिंगे घासून वर हिंगूळ लावलेला बैल मी मोठ्या हौसेने घरी आणला होता.

हेड उतरवून सपाट करणे, गॅस्केट, क्लच, दोन टायर आणि मजुरी मिळून पहिला हिशेब 19,000 च्या घरात गेला. पतसंस्थेकडे पुन्हा जावे लागले. मी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, बारा वर्षांची गाडी आहे. तुम्ही बघूनच घेतली ना?” यात एकही शब्द खोटा नव्हता. काट्याचे आणि लांबीचे काम त्यांच्याआधीच्या मालकाचे असेल, हेही शक्य होते. कदाचित तेही माझ्यासारखेच फसले असतील.

एका वकील मित्राला सारे सांगितले. त्याने कपाटातून भारतीय करार कायदा काढला आणि सतरावे कलम उघडले. कायदा 1872 चा; म्हणून त्यातली उदाहरणे मोटारीची नाहीत, घोड्याची आहेत. एक जण सदोष घोडा लिलावात विकतो आणि त्याच्या दोषाबद्दल काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण: घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, आणि विकणारा गप्प राहतो. इथे ते मौन बोलण्याइतकेच मानले जाते.

मी ते उदाहरण दोनदा वाचले. माझे वाक्य जवळजवळ तेच होते. परंतु साक्षीला होती ती फक्त बिस्किटांची बशी, आणि आपल्याला गाड्यांतले कळते असे मानणारे एक सहकारी. मित्राने व्यवहारी सल्ला दिला: “लढता येईल. पण तुझ्या हाती मंगळवार-शुक्रवार साताऱ्याला जायचंय. कोर्टात कधी जाशील?” मी लढलो नाही. त्या गृहस्थांना क्षमा केली, असेही नाही. दर चढाला मी मनातल्या मनात त्यांना काही ना काही ऐकवीत असे.

दुरुस्तीनंतर गाडी खरोखरच चालू लागली. तिच्यावर मी खूप खर्च केला. पण तिचे कण्हणे, कुरकुरणे, तिला कोणत्या चढाला दुसरा गिअर लागतो, हे सारे मला उमगले. पावसाळ्यात डाव्या दारातून पाणी येई, म्हणून आण्णा उजवीकडे सरकून बसत. पावणेदोन वर्षे आम्ही घाट चढ-उतार केला. बैलाचा विषय पुन्हा निघाला नाही. 2013 च्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी, जाण्याची तयारी करून ठेवलेली असतानाच आण्णा गेले. पाण्याचा कॅन त्यानंतरही बरेच दिवस गाडीत तसाच होता.

गाडीची गरज संपली. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षे पुढल्या वर्षी पुरी होत होती; पुढे तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागले असते. दिवाळीनंतर मी ती विकायला काढली. 35,000 सांगायचे ठरवले. पतसंस्थेचे हप्ते अजून चालूच होते. पहिले गिऱ्हाईक रविवारी सकाळी आठ वाजता येणार होते. हिवाळा सुरू झाला होता. दुरुस्ती केलेले असले तरी इंजिन जुनेच. गारठ्यात पहिल्या किल्लीला ते आढेवेढे घेई आणि थोडा धूर सोडी.

सव्वासातला मी अंगणात गेलो, दार उघडले, किल्ली फिरवली. ती दोनदा कण्हली आणि तिसऱ्या वेळी सुरू झाली. धूर ओसरेपर्यंत मी हलकेच ॲक्सिलरेटर दाबून धरला. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. मी काही योजनाही आखली नव्हती. हात आपोआप गेला होता. मग खाली उतरून मी बॉनेट पुसायला लागलो आणि फडक्याखाली पत्रा कोमट लागला.

मी तिथेच उभा राहिलो. पहाटे उठून बैलाचा पाय मोकळा करणारे आण्णा मला त्या क्षणी जितके जवळचे वाटले, तितके त्यांच्या हयातीतही क्वचितच वाटले असतील. आणि साताऱ्याच्या त्या गृहस्थांनाही मी प्रथमच आतून पाहिले. पावणेदोन वर्षे त्यांना मी कपटी माणूस समजत आलो होतो. कदाचित तेही त्या सकाळी असेच अंगणात आले असतील, कसलाही विचार न करता. त्यांच्याही डोक्यावर कसला तरी हप्ता असेल. कपट करायला माणूस दुष्टच असावा लागतो, असे नाही. गारठ्याची सकाळ आणि पैशांची नड एवढे पुरते.

किल्ली फिरवून मी इंजिन बंद केले. ते निवायला वेळ लागणार होता, म्हणून गिऱ्हाइकाला फोन करून अकराला या असे सांगितले. मग वहीचा कागद घेतला आणि गाडीचे दोष क्रमाने लिहून काढले: थंडीतला धूर, डावे दार, लांबी, काट्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, हेड एकदा उतरवले आहे, मागचे दोन टायर जुनेच आहेत. एकूण अकरा कलमे झाली. हा कागद लिहिताना मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे; आणि हा कागद पाहून समोरचा माणूस प्रभावित होईल, अशी एक लपलेली अपेक्षाही होती.

ती खोटी ठरली. अकरा वाजता आलेल्या माणसाने कागद वाचला, घडी घातली, परत दिला. गाडीकडे न पाहता तो माझ्याकडेच पाहत राहिला. “सर, विकणारा माणूस स्वतःहून एवढं सांगत नाही,” तो म्हणाला. “एवढं सांगताय, म्हणजे न सांगितलेलं केवढं असेल?” आणि तो निघून गेला.

हा प्रसंग मी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना सांगितला तेव्हा ते मनापासून हसले. त्यांनी सांगितले की जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली नेमक्या याच विषयावर, म्हणजे जुन्या मोटारींच्या बाजारावर, एक निबंध प्रसिद्ध केला होता. अमेरिकेत खोड असलेल्या गाडीला बोलीत ‘लिंबू’ म्हणतात आणि ते लिंबू निबंधाच्या शीर्षकातच आहे. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सावधपणे मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो बाजारातून उठतो. मागे उरतात त्यांत लिंबे अधिक, म्हणून किंमत आणखी उतरते. या विचारासाठी अकरलॉफ यांना 2001 साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सहकारी म्हणाले, “तुम्ही खरं बोललात, पण खरं बोलणारा आणि खरं बोलल्याचं सोंग करणारा, हे दोघे त्या माणसाला सारखेच दिसतात. तुमच्या शब्दाची पारख करायला त्याच्याजवळ लोहचुंबक नव्हता.”

हे पटले, पण पूर्ण पटले नाही. बाजाराच्या हिशेबात मौनाचे जे मोल आहे ते त्या निबंधात चोख मांडलेले असेल. वाट बदलून चालणाऱ्या माणसाचा हिशेब त्यात कोठे धरला आहे, हे मात्र मी त्यांना विचारले नाही.

पंधरा दिवसांनी दुसरे गिऱ्हाईक आले. विशीतला तरुण, सोबत आई. त्याला मसूर-औंधकडे आठवडी बाजारांत कपडे विकायला जाण्यासाठी गाडी हवी होती. सकाळचे आठ वाजले होते. त्याने आल्या आल्या दार उघडले, आसनावर बसून पाहिले आणि टेपची कळ दाबली. मी क्षणभर पाहत राहिलो. मग त्याला खाली उतरायला सांगितले.

“आधी इथं हात ठेव.”

त्याने गोंधळून बॉनेटवर तळहात टेकवला.

“कसं लागतंय?”

“गार आहे.”

“जुनी गाडी बघायला कुठंही गेलास तरी आधी हे बघायचं. आता किल्ली फिरव. लगेच सुरू होणार नाही. धूर येईल, तो नीट बघून घे.” मग मी त्याला तेलाचे झाकण उघडून दाखवले, टायरवरचे आकडे वाचायला लावले, मिस्त्रींकडून मागून आणलेला लोहचुंबक डाव्या दारावरून घसरवून दाखवला. त्याच्या आईने पदर सावरत शेवटी एकच प्रश्न विचारला: “मग घ्यावी का न्हाई, गुरुजी?” याचे उत्तर मात्र मला कागदावर लिहून ठेवता आले नव्हते. मी म्हणालो, “घाटात जास्त ओझं घालू नका. पाणी रोज बघा.”

गाडी 24,000 ला गेली. घेतली त्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी. दुरुस्तीचा हिशेब वेगळाच. पतसंस्थेचे शेवटचे हप्ते पगारातून फेडले, आणि मुलीच्या शिक्षणाचे 18,000 पुन्हा साठवायला आम्हाला दोन वर्षे लागली.

तो तरुण पुसेगावच्या बाजारात अधूनमधून भेटत असे. गाडी कुरकुरत असे, आणि तो मला ते सविस्तर सांगत असे. कधी फॅनबेल्ट तुटलेला, कधी पुन्हा धूर. त्याच्या सुरात कधी तक्रारही असे. पिशवी हातात धरून, गर्दीच्या मधोमध उभा राहून मी त्याचे सगळे ऐकून घेत असे.